सोलापुरात बॉण्डेड निओ चुंबक: पावडरीपासून पेटीपर्यंत

एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि दोन-तीन महिन्यांत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवरही ‘डिस्प्रोशियम’ हा शब्द ऐकू यायला लागला. टॉवेलवाले, बुशवाले, मोटर वाइंडिंगवाले, सगळ्यांचा प्रश्न एकच: मॅग्नेटचा प्लांट टाकायचा का?

टाका, पण कोणता ते आधी ठरवा. निओडिमियम-लोह-बोरॉनचा चुंबक, ज्याला बाजारात नुसतं ‘निओ’ म्हणतात, तो दोन वाटांनी बनतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी पावडर दाबून भट्टीत भाजण्याची वाट काढली. तो सिंटर्ड चुंबक. त्याच सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी वितळलेला रस फिरत्या चाकावर ओतून त्याची झटक्यात थिजलेली पातळ फीत बनवली. बॉण्डेड चुंबकाची पावडर त्या फितीपासून होते; ती इपॉक्सीने, म्हणजे गोंदासारख्या राळेने, जोडून साच्यात दाबली की बॉण्डेड चुंबक. म्हणजे या वाटा जन्मापासूनच वेगळ्या आहेत. ज्याच्याकडे पावडर दाबायची प्रेस आहे आणि हाताला मायक्रॉनची सवय आहे, त्याला दुसरी जमण्यासारखी आहे. मी स्वतः पंख्याच्या ऑइल बुशांवरून इकडे वळलो.

सिंटर्डच्या नादी का लागू नये

थोडक्यात साखळी सांगतो, म्हणजे कुणी प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन आला तर प्रश्न विचारता येतील. निओडिमियम-प्रासिओडिमियम साधारण ३० टक्के, बोरॉन १ टक्का, बाकी मुख्यतः लोखंड, असा रस आर्गॉन वायूत वितळवून थंड तांब्याच्या चाकावर पातळ चकत्यांच्या रूपात ओततात. त्या चकत्यांना हायड्रोजन पाजला की त्या आपोआप भुगा होतात. तो भुगा नायट्रोजनच्या झोतात दळून ३ ते ५ मायक्रॉनवर आणायचा. ही पावडर उघड्या हवेत आली तर स्वतःहून पेट घेते. मग तीव्र चुंबकीय क्षेत्रात दाबून कण एका दिशेला वळवायचे, निर्वात भट्टीत १,०५० अंशांच्या आसपास भाजायचं, वर पुन्हा ९०० आणि ५०० अंशांच्या पट्ट्यात दोन उष्णोपचार. भाजताना तुकडा प्रत्येक बाजूने १५-२० टक्के आटतो, म्हणून शेवटी हिऱ्याच्या चाकावर घासून माप काढावं लागतं. दळण्यापासून भट्टीपर्यंत कुठेही प्राणवायू शिरला की माल गेला.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटी रुपयांची जी योजना मंजूर केली ती याच सिंटर्ड चुंबकांसाठी आहे. वर्षाला ६,००० टनांची क्षमता, लाभार्थी जास्तीत जास्त पाच, आणि प्रत्येकाला १,२०० टनांपर्यंत. हा आकडा वाचल्यावर चिंचोळीतल्या अर्ध्या एकराच्या प्लॉटवाल्याने योजनेच्या कागदांची फाइल बाजूला ठेवावी. आपल्याकडे ओडिशातल्या छत्रपूरची दुर्मिळ मृदा असलेली वाळू, केरळात अलुव्याला शुद्धीकरण आणि विशाखापट्टणमला आयआरईएलचा वर्षाला ३,००० किलो क्षमतेचा सॅमेरियम-कोबाल्ट चुंबकांचा प्रकल्प आहे, पण तो पसारा सरकारी कंपनीचा आहे.

सिंटर्डमध्येच राहायचं असेल तर तयार ठोकळे आणून कापणं, घासणं, कोटिंग करणं एवढाच तुकडा घ्या. तोही धंदा आहे, पण त्यात घासाईचा ओला गाळ फार सांभाळावा लागतो. वाळला की तो पेटतो.

बॉण्डेडची ताकद कमी. सिंटर्ड ३५ ते ५२ एमजीओई (चुंबकाची ताकद मोजायचं एकक) देतो, दाबून बनवलेला बॉण्डेड १० च्या आसपास. पण पातळ रिंग एका ठोक्यात मापाला निघते, घासाई जवळजवळ नाही, आणि एकाच रिंगवर हवे तितके ध्रुव उमटवता येतात. शिवाय चीनच्या त्या सात नावांच्या यादीत निओडिमियम नव्हतं, डिस्प्रोशियम-टर्बियम होते. उष्णता सोसण्यासाठी ते मिसळलेले सिंटर्ड चुंबक अडकले. फितीच्या पावडरीतले स्फटिक इतके बारीक, नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतके, असतात की साधारण कामाला डिस्प्रोशियम घालावंच लागत नाही.

आधी रिंग कागदावर बनवा

उदाहरण म्हणून एक रिंग धरू: बाहेरचा व्यास ३० मिमी, आतला २६, उंची १०. छोट्या पंपाच्या किंवा कूलिंग फॅनच्या मोटरीत अशी बसते. ग्राहकाकडून पाच गोष्टी लेखी घ्या: ध्रुव किती, ते आतल्या अंगाला की बाहेरच्या, पृष्ठभागावर गॉस (चुंबकीय क्षेत्राची तीव्रता) किती आणि तो नेमका कुठे मोजायचा, चालताना जास्तीत जास्त तापमान, आणि कोटिंगनंतरचं माप. ‘स्ट्राँग पाहिजे’ एवढ्यावर ऑर्डर घेऊ नका. आणि फेराइटवर भागत असेल तर ग्राहकाला तसं सांगा. तो स्वस्तातला काळा चुंबक बऱ्याच पंख्यांना पुरतो आणि खरं सांगितलेला ग्राहक परत येतो.

आता हिशेब. रिंगचं तोंडाकडचं क्षेत्रफळ १.७६ चौरस सेंमी. दाब प्रति चौरस सेंमी ८ टन धरला तर साधारण १४ टन लागतात, म्हणजे २५ टनी प्रेस आरामात चालेल. आकारमान १.७६ घनसेंमी, घनता ६.० धरली तर वजन १०.५६ ग्रॅम. सैल पावडरीची घनता २.८ च्या आसपास असते, म्हणून डायमध्ये (साच्यात) पावडर २१-२२ मिमी भरेल आणि ती दाबून १० मिमी होईल. डायची उंची, पावडर दाबणाऱ्या पंचाचा स्ट्रोक, फीडर, सगळं या एका आकड्यावरून ठरतं.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. चुंबकत्व पावडरीबरोबर विकत येतं. शेडमध्ये आपण फक्त घनता बनवतो आणि पावडर जपतो. घनता ६.० ची ५.७ झाली की चुंबक त्याच प्रमाणात ढिला, मग मॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व देणाऱ्या यंत्रावर, कितीही व्होल्टेज चढवा.

पावडर आणि तिची विरी

पावडर दोन प्रकारे मिळते: कोरडी, किंवा इपॉक्सी चढवून तयार. पहिलं वर्ष तयार कंपाउंडच घ्या. नंतर स्वतः कोटिंग करायचं झालं तर १० किलो पावडरीला कठीणकारक धरून २५० ग्रॅम इपॉक्सी, म्हणजे अडीच टक्के. ती अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून पावडरीवर घाला, सावकाश मळत राहा, अ‍ॅसिटोन उडून गेला की ढेकळं फोडून चाळा आणि २० ग्रॅम झिंक स्टिअरेट मिसळा, म्हणजे पावडर डायला चिकटणार नाही. अ‍ॅसिटोन शून्याखालच्या तापमानालाही पेटण्याइतकी वाफ सोडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काय होईल ते सांगायला नको. फ्लेमप्रूफ मोटर, एक्झॉस्ट, अर्थिंग, आणि त्या खोलीत मोबाइल नाही.

इपॉक्सी वाढवली की रिंग मजबूत होईल हा मोह सगळ्यांना होतो. अडीच टक्के वजनाला थोडे वाटतात, पण इपॉक्सी हलकी असल्यामुळे ती जागा मात्र जवळजवळ १४ टक्के खाते. चार टक्के घातली तर २१. तेवढा चुंबक तुम्ही कमी विकताय.

साठवणुकीत मी खाल्लेला फटका सांगतो. एका मे महिन्यात कंपाउंडचे सहा डबे जागा नाही म्हणून पोटमाळ्यावर, पत्र्याखाली ठेवले. बाहेर ४३ अंश. पत्र्याखाली किती ते मोजलंच नाही. तीन आठवड्यांनी डबा उघडला तर पावडर दिसायला तशीच, चाळणीतून सरळ खाली. पण प्रेसमधून रिंग बाहेर आली की काठावर केसासारखी चीर. दाब वाढवला, चीर राहिलीच. मी डायला दोष दिला, पंच काढून लॅपिंगला (बारीक घासाईला) पाठवला, दोन दिवस गेले. प्रेसवरच्या अण्णांनी मूठभर पावडर घेतली, मुठीत घट्ट दाबली आणि उघडली. एरवी मुठीचा ठसा राहतो. त्या दिवशी वाळूसारखी बोटांतून गळाली.

“मालक, ह्याची विरी गेलीय बघा.”

जुन्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना कडेने फाटते, तेच झालं होतं. उष्णतेने इपॉक्सी डब्यातच अर्धवट पिकली होती आणि कणांना कणाशी धरायला काही उरलं नव्हतं. सहाही डबे गेले. पुरवठादाराचा काही दोष नव्हता. डब्यावर २५ अंशांखाली ठेवा असं छापलेलं होतं. आता कंपाउंड एसी खोलीत, तारखेच्या चिठ्ठीसह, आणि जुना डबा आधी. थंड डबा लगेच उघडायचा नाही. शेडच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर पावसाळ्यात पावडरीवर दव धरतं. मुठीची चाचणी रोज सकाळी होते. तिच्यासाठी कुठलं यंत्र घेतलेलं नाही.

डाय आणि प्रेस

ही पावडर खरवडते. साध्या टूल स्टीलची डाय थोडक्यात झिजते, म्हणून डायच्या पोटात कार्बाइडचं अस्तर बसवा. पंच आणि डायमध्ये एका बाजूला एक ते दोन शतांश मिमी फट पुरे. जास्त ठेवली की बारीक कण शिरून पंच अडकतो. रिंग डायबाहेर येताना किंचित फुगते आणि ओव्हनमध्ये आणखी थोडी. किती, ते पावडर आणि दाबावर अवलंबून असतं. त्यामुळे पहिली डाय जरा मापाखाली बनवा, ५० रिंगा काढा, भाजा, मोजा, आणि मग लॅपिंग करून अंतिम मापावर आणा. कॅटलॉगातल्या टक्क्यावर विसंबून थेट अंतिम डाय कापलीत तर ती शोकेसमध्ये ठेवायला होईल.

दाब दोन्ही बाजूंनी यायला हवा. वरूनच दाबलं तर २ मिमी भिंतीच्या रिंगमध्ये वरचा भाग घट्ट, खालचा सैल. ध्रुव तपासताना वरच्या काठावर गॉस जास्त आणि खाली कमी दिसला तर मॅग्नेटायझर उघडू नका, डाय तरंगती (दाबाबरोबर स्वतः सरकणारी) आहे का ते पाहा.

ठोका असा: फीडर पावडर भरतो आणि मागे सरतो, तोंड सपाट कापलेलं दिसलं पाहिजे, खड्डा नको. वरचा पंच हळू आत जातो, कारण पावडरीतली हवा बाहेर पडायला क्षणभर लागतो. घाई केली तर ती हवा रिंगमध्ये कोंडते आणि दाब सुटताच आडवी फाट पडते. मग पूर्ण दाब. बाहेर काढताना वरचा पंच थोडा दाब ठेवूनच सोबत वर यावा. कच्ची रिंग हातात घेतली की काळपट-राखाडी, गुळगुळीत, आणि काठ खडूसारखा ठिसूळ. दोन बोटांनी आतून उचला, बाहेरून चिमटीत धरू नका. मोजे घाला, उन्हाळ्यात घामाच्या बोटाचा ठसा कोटिंगखालून गंजून वर येतो आणि कुणाच्या हाताचा तेसुद्धा कळतं.

दर वीस रिंगांमागे एक वजनकाट्यावर. ग्रॅमच्या दहाव्या भागाचा फरक म्हणजे घनतेत जवळजवळ एक टक्का. कच्च्या तुटक्या रिंगा फेकू नका. चुरून, चाळून नव्या मालात थोड्या प्रमाणात मिसळता येतात. भाजल्यानंतरची तूट मात्र भंगार.

भाजणी

ओव्हन १६० अंश, पाऊण ते एक तास, शक्य असेल तर नायट्रोजनमध्ये. वेळ मोजायचा तो रिंगा तापल्यापासून, डिस्प्लेवर १६० दिसल्यापासून नाही. एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) रिंगांच्या मधोमध खोचा. भरलेला ट्रे आणि ओव्हनची हवा यांत सुरुवातीला बराच फरक असतो. रिंगा एकावर एक रचू नका.

भाजणी पूर्ण झाली का हे कापसाला अ‍ॅसिटोन लावून पाहा. रिंगवर घासल्यावर कापूस काळा-चिकट झाला आणि पृष्ठभाग मऊ पडला तर कच्ची आहे. त्यानंतर दोनचार रिंगा प्रेसखाली आडव्या धरून फोडा आणि किती किलोला फुटल्या ते लिहून ठेवा. हे वहीतले आकडे पुढे वाद झाला की कामी येतात.

कोटिंग

काठाची बुर तुसाच्या किंवा मक्याच्या कणसाच्या भुशात फिरवून काढा. मग ८० अंशांना वाळवणी, आणि मगच कोटिंग. आपल्याकडे प्लेटिंगवाले पुष्कळ आहेत आणि सिंटर्ड चुंबकांवर निकेल-तांबं-निकेल चढतं, म्हणून नवखा माणूस रिंगा निकेलला पाठवतो. बॉण्डेड रिंगमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास पोकळी असते. प्लेटिंगचं पाणी त्यात शिरतं, वरून निकेलचा थर ते कोंडून टाकतो, आणि महिन्या-दीड महिन्याने आतून फोड येतात. काळं इपॉक्सी, इलेक्ट्रोकोट किंवा स्प्रे, १५ ते २५ मायक्रॉन, हेच बरं. मापात हा थर दोन्ही अंगांनी धरायचा असतो. २६ चा आतला व्यास ३० ते ५० मायक्रॉनने लहान होईल.

चुंबकत्व देणं

इथवर रिंग मेलेली आहे, खिळासुद्धा उचलत नाही. आणि शक्य तितका वेळ तशीच राहू द्या. चुंबक झालेली रिंग शेडमधला लोखंडाचा प्रत्येक कण गोळा करत फिरते.

कपॅसिटर डिस्चार्ज मॅग्नेटायझर लागतो. उदाहरणार्थ २,००० मायक्रोफॅरडची बँक २,००० व्होल्टला भरली तर त्यात ४ किलोज्यूल साठतात, आणि ते काही मिलिसेकंदांत फिक्स्चरच्या (रिंग बसवायच्या साच्याच्या) तांब्याच्या तारांतून हजारो अँपिअरच्या झटक्याने जातात. ही पावडर पूर्ण भरायला साधारण ३ टेस्ला किंवा जास्त क्षेत्र हवं. आठ ध्रुवांची बाहेरून मॅग्नेटाइझ होणारी रिंग असेल तर एका ध्रुवाच्या वाट्याला परिघावर ११.८ मिमी येतात; फिक्स्चरचे खाचे त्या अंतरावर. ध्रुव वाढवत गेलात की तारेला जागा कमी पडते आणि फिक्स्चर तापतं. दर तासाला किती ठोके मारायचे हे फिक्स्चरचं तापमान ठरवतं, ऑर्डर नाही.

ध्रुव नीट बसले का ते हिरव्या फिल्मवर दिसतं: रिंगभोवती धरली की ध्रुवांच्या सीमारेषा उजळ उमटतात. रेषा तिरकी आली तर रिंग फिक्स्चरमध्ये नीट बसली नव्हती.

बँक बंद केली म्हणजे रिकामी झाली असं नाही. बँक आपोआप रिकामी करणाऱ्या ब्लीडर रेझिस्टरवर विश्वास ठेवू नका. फिक्स्चरला हात लावण्याआधी इन्सुलेटेड दांड्याने टर्मिनल शॉर्ट करा, दर वेळी. पेसमेकर असलेल्या माणसाला या खोलीत सोडू नका.

मोजमाप, आणि सोलापूरचं ऊन

या पावडरीचा गॉस दर अंशाला ०.११ टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि गार झाला की परत येतो. मे महिन्यात शेडमध्ये ४२ अंशांना मोजलेली रिंग २० अंशांच्या एसी खोलीतल्यापेक्षा जवळजवळ अडीच टक्के कमी दाखवते. हे कळेपर्यंत आम्ही एका उन्हाळ्यात चांगल्या रिंगा नापास करत होतो. हिवाळ्यात उलटं: सकाळी १४ अंशांना काठावर पास झालेली रिंग ग्राहकाच्या खोलीत नापास. तेव्हापासून गॉस मीटर एसी खोलीत, रिंगा आदल्या रात्री तिथे ठेवलेल्या, आणि रिपोर्टवर तापमान लिहिलेलं. ग्राहकाने किती तापमानाला मोजलं तेही विचारा. मीटरच्या प्रोबसाठी जिग (एका जागी धरून ठेवणारी पकड) बनवून घ्या. हाताने धरलेला प्रोब अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी आकडा बदलतो.

परत न येणारी घट वेगळी. त्यासाठी प्रत्येक लॉटमधल्या काही रिंगा ग्राहकाने सांगितलेल्या तापमानाला दोन तास ठेवा, गार करा, पुन्हा मोजा. किती टक्के घट चालेल ते ऑर्डरमध्ये आधीच लिहून घेतलेलं असावं.

धूळ

फितीची पावडर सिंटर्डच्या पावडरीइतकी भडक नाही, पण प्रेसखाली, चाळणीच्या फिल्टरमध्ये आणि घासाईच्या टेबलाखाली जी अतिबारीक धूळ साठते ती पेटते. रोज झाडा, ओल्या कापडाने पुसा, झाकणाच्या डब्यात ठेवा. पेटली तर पाणी किंवा साधा सिलिंडर नाही. कोरडी वाळू, किंवा धातूच्या आगीसाठीची डी वर्गाची पावडर. वाळूची बादली भरलेली आहे का आणि ती कोरडी आहे का हे पावसाळ्यात तपासा.

पेटी

ग्राहक तयार असेल तर रिंगा चुंबक न करताच पाठवा आणि मॅग्नेटायझिंग त्याच्याकडे, रोटरमध्ये चिकटवल्यावर होऊ द्या. ते सर्वांत सोयीचं. नाहीतर रिंगांमध्ये जाड पुठ्ठा घाला, ध्रुव उलटसुलट रचा आणि पेटीला आतून लोखंडी पत्रा लावा, म्हणजे क्षेत्र बाहेर फार जात नाही. सोलापूरहून पुण्याला ट्रान्सपोर्टच्या गाडीने माल जातो तेव्हा कुणी विचारत नाही. विमानाने पाठवायचं झालं तर पेटीपासून २.१ मीटरवर क्षेत्र ०.००२ गॉसच्या आत लागतं, त्यावर गेलं की तो धोकादायक माल ठरतो आणि कागद वाढतात. म्हणून पहिली पेटी बांधली की ती मोकळ्या जागेत ठेवून स्वतः मोजा, आणि त्या मोजणीची चिठ्ठी पेटीवर चिकटवा.